कोकणात ऑर्किडचं टिश्यू कल्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सरीत येणारी माणसं आणि फोन करून विचारणारी माणसं, दोघांचे प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एका जागी घेतले आहेत. टिश्यू कल्चर म्हणजे बी किंवा झाडाचा बारीक तुकडा निर्जंतुक बाटलीत, पोषक मिश्रणावर (त्याला मीडिया म्हणतात) वाढवून रोपं करणं. उत्तरं रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनारपट्टीला धरून दिली आहेत. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या हवेत यातलं सगळंच लागू पडेल असं नाही.

ऑर्किडला टिश्यू कल्चर कशाला हवं? बी पेरून होत नाही का?

बी पेरून होतं, पण कुंडीत नाही. ऑर्किडची पिकलेली शेंग फोडलीत तर हातावर पिवळसर भुकटी पडते, चिमटीत तपकीर धरावी तशी. श्वास जोरात सोडलात तरी उडून जाते. त्या भुकटीचा प्रत्येक कण हे एक बी. जातीप्रमाणे एका शेंगेत हजारोंपासून लाखोंपर्यंत बिया असतात. मात्र भाताच्या दाण्यात किंवा नारळात कोंबासाठी जो खाऊ भरलेला असतो तो यांच्यात अजिबात नसतो. रानात एक विशिष्ट बुरशी बियात शिरते आणि तिच्याकडून बी आपलं अन्न मिळवतं. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९मध्ये हे नातं ओळखलं. पुढे १९२२मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लुईस नडसन यांनी दाखवून दिलं की मीडियात साखर घातली तर बुरशीवाचूनही बी रुजतं. अडचण एवढीच की त्या साखरेवर हवेतली प्रत्येक बुरशी तुटून पडते, आणि तिची वाढ बियापेक्षा कितीतरी पटींनी जलद असते. म्हणून सगळं निर्जंतुक बाटलीत करावं लागतं. लॅबचा सारा पसारा या एका कारणापायी आहे.

मग बाटलीतली रोपं बियांची असतात की झाडाच्या तुकड्यापासून केलेली?

दोन्ही प्रकार असतात आणि विकणारे दोन्हींना टिश्यू कल्चरच म्हणतात. घेताना हा प्रश्न जरूर विचारा, कारण फरक मोठा आहे.

बियांपासून केलेली रोपं एकाच शेंगेतली भावंडं. कुणाचं फूल गडद, कुणाचं फिकट, कुणी लवकर फुलणार, कुणी उशिरा. शेंड्याच्या आतल्या कोवळ्या पेशींपासून, म्हणजे मेरिस्टेमपासून केलेली रोपं मूळ झाडाची नक्कल असतात. ही वाट १९६०मध्ये जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियम या ऑर्किडवर दाखवली. त्यांना खरं तर विषाणूमुक्त झाडं हवी होती. मेरिस्टेमपासून हिरवे बारीक गोळे तयार होतात, ते कापले की प्रत्येक तुकड्यातून पुन्हा गोळे येतात, हे त्यांच्या कामातून समोर आलं आणि एका झाडाची हजारो करण्याचा मार्ग मोकळा झाला. बाजारात दिसणारं जांभळं-पांढरं डेंड्रोबियम सोनिया दर वेळी हुबेहूब तसंच असतं ते यामुळे.

कट फ्लॉवर, म्हणजे दांड्यासह कापलेलं फूल, विकायचं असेल तर मेरिस्टेमची रोपं घ्या. हार बांधणाऱ्याला आणि डेकोरेशनवाल्याला रंग एकसारखा लागतो. शौक म्हणून किंवा स्थानिक जाती वाढवण्यासाठी करत असाल तर बियांचीच चांगली. त्यात वैविध्य टिकतं आणि आईझाडाचा शेंडा कापावा लागत नाही. डेंड्रोबियम, व्हांडाचा शेंडा काढला की ते झाड बराच काळ मागे पडतं, हे कुणी आधी सांगत नाही.

घरच्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची तशीच रोपं करता येतील?

येतील, आणि शेंडा न कापता. फुलं गळाल्यावर दांड्यावर खालच्या बाजूला झाकलेले डोळे दिसतात. तो डोळा दांड्याच्या तुकड्यासह निर्जंतुक करून मीडियावर लावला की कोंब फुटतो. कॉर्नेलमध्येच १९४९मध्ये गॅव्हिनो रोटर यांनी हे केलं होतं. दोन-चारच रोपं हवी असतील तर लॅबच्या वाटेला जाऊ नका. सायटोकायनिनची, म्हणजे पेशींना फुटायला लावणाऱ्या संप्रेरकाची, पेस्ट मिळते, ती डोळ्यावर लावली की कित्येकदा झाडावरच पिल्लू येतं.

ऑर्किड म्हणजे बांडगूळच ना? आंब्याला लावलं तर कलम मरेल?

नाही. हा गैरसमज कोकणात फार खोलवर रुजला आहे आणि त्यापायी आंबा-फणसावरची कितीतरी ऑर्किडं कोयत्याने खरवडून काढली जातात. बांडगुळाची मुळं फांदीच्या आत घुसतात आणि झाडाचा रस ओढतात. ऑर्किड सालीला नुसतं धरून बसतं. त्याची पांढरट मुळं पावसाचं पाणी आणि सालीवरून ओघळणारं पोषण घेतात. ओळखायला सोपं आहे: बांडगुळाच्या मुळाशी फांदीला गाठ येते, ऑर्किडच्या मुळाशी काहीच होत नाही. बांडगूळ छाटताना गड्याला हे दाखवून ठेवा.

आमच्या हवेत कोणती जात घ्यावी?

डेंड्रोबियम, मोकारा, व्हांडा. उष्ण आणि दमट हवा या तिघांना मानवते. त्यातही पहिल्यांदा करणाऱ्याने डेंड्रोबियमच घ्यावं. बाटलीत ते भराभर वाढतं, बाहेर काढल्यावर चुका खपवून घेतं आणि फूल लवकर देतं. व्हांडा देखणी, पण बियापासून फुलापर्यंत पाच-सहा वर्षं सहज जातात.

फॅलेनॉप्सिस वाढतं छान. मात्र दांडा यायला त्याला काही आठवडे गारवा लागतो. किनाऱ्यावर थंडीचे दिवस मोजके, त्यामुळे फुलं येतात पण एकदम आणि हुकमी येत नाहीत. दापोलीसारख्या उंचावरच्या गावात जरा बरं जमतं. सिंबिडियमच्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती मात्र सोडून द्या. ती सिक्कीम-अरुणाचलची पिकं आहेत. आमच्याकडे पानं भरपूर येतील, फुलाची वाट बघत बसाल.

लॅब घरी करता येईल का? पडवीच्या खोलीत?

छंदापुरती, हो. धंद्यासाठी नाही.

छंदाच्या लॅबला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) नको, प्रेशर कुकर चालतो. ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला १२१ अंश तापमान येतं आणि घरचा कुकर शिट्टीच्या दाबाला साधारण तिथपर्यंत जातो. शिट्टी सुरू झाल्यावर आच कमी करून २० ते २५ मिनिटं ठेवा आणि कुकर आपसूक गार होऊ द्या. घाईने वाफ सोडलीत तर मीडिया उसळून झाकणाला लागतो आणि पुढे बुरशी तिथूनच आत येते. लॅमिनारऐवजी (गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या कामाच्या कपाटाऐवजी) पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा आडवा करून त्याला हात घालायला दोन भोकं पाडतात. डबा आतून ब्लीचच्या पाण्याने पुसायचा, पंखा बंद, खिडक्या बंद. आणि हे नीट लक्षात ठेवा: अशा बंद डब्यात स्पिरिट फवारून दिवा पेटवायचा नाही. भडका उडतो, हात आणि तोंड भाजतं. डब्यात काम करताना हत्यारं कुकरमधून काढलेली, गुंडाळून ठेवलेली वापरा.

धंद्याच्या लॅबचं गणित निराळं आहे. हेपा फिल्टरचा लॅमिनार, ऑटोक्लेव्ह, मीडियाची खोली, बाटल्या धुण्याची जागा, बाटल्या वाढवायची एसी लावलेली कल्चर रूम, जनरेटर, आणि हे सगळं रोज चालवणाऱ्या हात बसलेल्या मुली. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. कापणाऱ्या हाताला वेग आणि स्वच्छता यायला काही महिने लागतात आणि तेवढ्या वेळेचा पगार धंद्याच्या हिशेबात कुणी धरलेला नसतो.

मीडियात काय काय घालतात? शहाळ्याचं पाणी खरंच चालतं?

चालतं आणि धावतं. त्यात वर सांगितलेली सायटोकायनिन असतात. लिटरला १०० ते १५० मिली घालतात. कोवळं शहाळं घ्या, पाणी गाळा, एक उकळी द्या, पुन्हा गाळा. पिकल्या नारळाच्या पाण्यात तो गुण कमी पडतो.

मूळ मीडिया म्हणजे क्षारांचं मिश्रण. नडसन सी, व्हॅसिन-वेंट आणि मुराशिगे-स्कूग ही तीन नावं सारखी कानावर येतील. तिन्हींची तयार पावडर मिळते. मुराशिगे-स्कूग हा १९६२चा, मुळात तंबाखूच्या पेशींसाठी बनवलेला, क्षारांनी तगडा मीडिया आहे, म्हणून ऑर्किडला तो निम्म्या ताकदीचा देतात. त्यात लिटरला २० ते ३० ग्रॅम साखर, ७-८ ग्रॅम अगर (मीडिया गोठवणारी पावडर) आणि सामू (पीएच) ५.६च्या आसपास. साखर किराणा दुकानातली चालते. रोपं मोठी होऊन मुळं धरायच्या वेळी पिकलं केळं, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कुस्करून घालतात. केळं घातल्यावर सामू पुन्हा तपासा, तो हललेला असतो. सामू फारच खाली गेला तर अगर गोठत नाही आणि बाटलीत लापशी राहते.

बीएपी, एनएए अशी संप्रेरकं बियांच्या पेरणीला लागतच नाहीत. तुकड्यांपासून वाढवायला लागतात. ती जास्त घातली की रोपं जास्त मिळतात हा हिशेब सोपा वाटतो, पण मग बुटकी, जाड, वाकडी, मुळं न धरणारी रोपं निघतात. बाटलीत ती गुबगुबीत दिसतात, गिऱ्हाईक खूश होतं आणि बाहेर काढल्यावर रोप नुसतं बसून राहतं.

शेंग कधी तोडायची?

फुटायच्या आधी, हिरवी असतानाच. एकदा चीर पडली की बियांबरोबर बाहेरची बुरशी आलीच समजा, आणि अशी उघडी भुकटी निर्जंतुक करणं हे नाजूक काम आहे. बंद शेंगेच्या आतला भाग मुळातच निर्जंतुक असतो. डेंड्रोबियमची शेंग परागण केल्यापासून साधारण तीन ते चार महिन्यांत घेण्यासारखी होते, फॅलेनॉप्सिसला चार-पाच महिने, व्हांडाला त्याहून बरेच जास्त. परागण केलं त्या दिवशीच तारखेची चिठ्ठी दांड्याला बांधा. पावसाळ्यात बॉलपेनचं अक्षर टिकत नाही, पेन्सिलने लिहा.

शेंग लॅबमध्ये आणल्यावर पुढे काय करतात?

देठ आणि वाळलेल्या पाकळ्या काढून टाकतात. भांड्याच्या साबणाने आणि मऊ ब्रशने शेंगेच्या धारांमधली खाच घासून धुतात, कारण माती आणि बुरशी तिथेच दडते. मग ब्लीचच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. लॅमिनारमध्ये आल्यावर स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवरून क्षणभर फिरवतात. निळी ज्योत शेंगेवरून धावते आणि विझते. धारदार पात्याने उभी चीर दिली की आत पांढरट, कापसात गुंतलेली भुकटी दिसते. चिमट्याने ती उचलून मीडियावर हलकेच झटकायची. जास्त पडली की रोपं एकमेकांना गुदमरवतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून ती जास्तच पडते.

पुढचे काही आठवडे काहीच दिसत नाही. मग बियांचा रंग बदलतो, पांढऱ्याचं पिवळसर, पिवळसराचं हिरवं, आणि टाचणीच्या टोकाएवढे गोळे फुगतात. हा प्रोटोकॉर्म. त्याला मुळंही नसतात आणि पानंही. गोळ्याच्या एका बाजूला टोक निघालं की पहिलं पान आलं. तेव्हा ती दाटी मोडून नव्या मीडियावर पसरायची. याला सबकल्चर म्हणतात आणि दर दीड-दोन महिन्यांनी ते करावं लागतं.

बऱ्याच लॅबमध्ये निर्जंतुकीकरणाला मर्क्युरिक क्लोराईड वापरतात. ते पाऱ्याचं जहाल विष आहे. घरी अजिबात आणू नका. त्याचं पाणी मोरीत ओतलं की ते विहिरीत किंवा खाडीत जातं.

पावसाळ्यात बाटल्यांत बुरशी फार येते. काय करावं?

हे आमच्या किनाऱ्याचं खास दुखणं. जांभ्याची भिंत जून ते सप्टेंबर ओल धरून असते, गिलाव्यावर काळे ठिपके उमटतात आणि त्या ठिपक्यांचे बीजाणू खोलीभर तरंगत असतात. लॅमिनारचा फिल्टर उत्तम असला तरी बाटली नंतर त्याच खोलीत महिनोन्‌महिने राहणार आहे.

म्हणून भिंतींना आतून इपॉक्सी रंग द्या, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, डीह्युमिडिफायर ठेवा. झाकणाभोवती क्लिंग फिल्मची पट्टी गुंडाळा. मुंग्या आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळी झाकणाच्या फटीतून आत जातात आणि पायाला लागलेली बुरशी घेऊन जातात. मीडियावर बुरशीच्या ठिपक्यांची वेडीवाकडी रांग दिसली तर ती त्यांच्या पावलांची असते. असं कपाट रिकामं करून पुसूनच पुन्हा भरायचं.

कंटॅमिनेशन कधी दिसलं त्यावरून ते कुठून आलं याचा अंदाज लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि शेंगेच्या तुकड्याभोवतीच आलं, तर शेंग नीट धुतली गेली नाही. मीडियाच्या सगळ्या पृष्ठभागावर विखरून आलं, तर हात किंवा हवा. न वापरलेल्या बाटल्यांतही आलं, तर कुकर किंवा ऑटोक्लेव्ह. दोन महिन्यांनी अचानक आलं, तर झाकण किंवा कोळी. बुरशीची बाटली उघडून हुंगायची नाही. बंद असतानाच कुकरमध्ये घालायची आणि मग धुवायची.

मीडिया तपकिरी झाला. बुरशी आहे का?

नाही. कापलेल्या जागेतून फेनॉलिक द्रव्यं झिरपतात, व्हांडाला जास्तच. लिटरला एक-दोन ग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल घाला आणि पहिले काही दिवस बाटली अंधारात ठेवा.

वीज गेली तर बाटल्या मरतात का?

तास-दोन तासांनी काही होत नाही. दिवसभर गेली तर त्रास सुरू होतो, आणि तो अंधारामुळे नाही. कल्चर रूमचं तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. मे महिन्यात एसी बंद पडला की बाटलीतली हवा तापून फुगते आणि झाकणातून बाहेर पडते. वीज आली, खोली गार झाली की बाटली तेवढीच हवा आत ओढून घेते, बीजाणूंसकट. म्हणून मोठ्या खंडानंतर आठवडाभराने बुरशीची लाट येते आणि लोक कापणाऱ्या मुलींना दोष देतात.

जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तौक्ते त्याच्या पुढच्याच वर्षी आलं. तेव्हा जनरेटर हा ऐच्छिक खर्च समजू नका. जागा निवडताना खोली उत्तरेकडची, वर माळा असलेली, जाड भिंतींची घ्या. दिवे एलईडीचेच लावा. ते कमी तापतात आणि इन्व्हर्टरवर चालतात.

फूल यायला किती वर्षं?

डेंड्रोबियम: बाटलीत साधारण वर्षभर, बाहेर दीड-दोन वर्षं, वर शेंगेचे महिने. फॅलेनॉप्सिसला थोडं जास्त. व्हांडाचं वर सांगितलंच. "सहा महिन्यांत फूल" अशी जाहिरात दिसली तर तिथे तुम्हाला बाटलीतलं रोप विकत नाहीत, मोठं झालेलं झाड विकताहेत.

बाटलीतून बाहेर काढल्यावर रोपं मरतात. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. लॅबमध्ये नुकसान बाटल्यांचं होतं, इथे तयार रोपांचं होतं.

बाटलीत रोपाला आयती साखर, शंभर टक्क्यांच्या जवळची दमट हवा आणि मंद दिवा मिळालेला असतो. त्याच्या पानावर मेणाचा थर नीट चढलेला नसतो आणि पानाची रंध्रं मिटायला शिकलेली नसतात. बाहेरच्या हवेत ते पान पाणी रोखूच शकत नाही. म्हणून बाटल्या आधी आठ-दहा दिवस बंदच, शेडनेटच्या सावलीत आणून ठेवा. तिथला उजेड आणि दिवसरात्रीचा फरक रोपाला कळू दे. ऊन थेट पडता कामा नये, नाहीतर काचेत रोपं शिजतात.

मग बाटली उघडून कोमट पाणी ओता, हलकेच गोल फिरवा, आणि रोपं पाण्यासकट परातीत ओतून घ्या. अगर मुळांना चिकटलेला असतो. तो बोटांनी पाण्याखाली सोडवायचा, नखाने नाही. दोन-तीन पाणी बदला. उरलेल्या अगरात साखर असते आणि तीन दिवसांत तिथूनच मूळ कुजायला लागतं. मुळं एकमेकांत गुंतलेली असली तर ओढू नका, तो झुबका तसाच लावा. बुरशीनाशकाच्या सौम्य पाण्यात बुडवून वर्तमानपत्रावर सावलीत पसरा. मुळं हिरवट होती ती पांढरी दिसायला लागली की लावायची वेळ झाली. ओली लावलेली मुळं कुजतात.

एकेक रोप एकेका कुंडीत लावू नका. एका पसरट ट्रेमध्ये वीस-पंचवीस दाटीने लावा, ती एकमेकांची ओल धरून राहतात. पहिले दोन-तीन आठवडे ७५ टक्क्यांची शेडनेट आणि वर प्लास्टिकचा बोगदा. पाणी मुळांना कमी, हवेला जास्त, म्हणजे बारीक फवारा दिवसातून काही वेळा आणि संध्याकाळी चारनंतर बंद. रात्री पानांच्या बेचक्यात पाणी थांबलं की सकाळी मधलं पान उपटून हातात येतं. खत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, अगदी पातळ.

आणि मुहूर्त सांभाळा. गणपती गेल्यावर बाटल्या उघडायला घ्या आणि डिसेंबरपर्यंत काम उरका. हवेत ओल असते, कोसळणारा पाऊस नसतो, आणि उन्हाळ्याआधी रोपाला चार-पाच महिने मिळतात. मार्च ते मे आणि मृगाच्या तोंडावर बाटल्या उघडणं टाळा.

कुंडीत काय भरायचं? नारळाची सोडणं चालतील?

चालतात, आणि आमच्या वाडीत ती फुकट आहेत. पण ताज्या सोडणात टॅनिन आणि क्षार असतात, खाऱ्या हवेतल्या माडांच्या सोडणात तर जास्तच. तुकडे करून पाण्यात बुडवून ठेवा आणि तपकिरी उतरणं थांबेपर्यंत पाणी बदला. त्यात निम्मा लाकडी कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे. एकट्या सोडणाची कुंडी पावसाळ्यात चिखल होते. माती कुठेच नको. व्हांडाला तर काहीच नको, लाकडी टोपलीत मोकळी मुळं सोडून टांगा.

पावसाळ्यात मोठी रोपं उघड्यावर ठेवली तर?

रानातली ऑर्किडं भिजतातच की, असं सगळे म्हणतात. ती उतरत्या फांदीवर असतात, मुळांना वारा लागतो, आणि दोन झाडांमध्ये अंतर असतं. नर्सरीत हजार रोपं खेटून असतात. एकाला काळी कूज लागली की पावसाचे थेंब ती शेजाऱ्याला नेऊन देतात. शेडनेटच्या वर प्लास्टिक घाला, बाजू मोकळ्या ठेवा. पान पाणचट होऊन वास आला तर तो जिवाणू. ते रोप ट्रेसकट बाहेर काढा. गोगलगाई रात्री मुळांची हिरवी टोकं खातात. बॅटरी घेऊन वेचणं हा त्यावर सगळ्यात खात्रीचा उपाय.

विहिरीचं पाणी चालेल?

गोडं असेल तर. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि ते आधी ऑर्किडला कळतं: पानाची टोकं काळी पडतात, मुळांची टोकं करपतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, घ्या. २०० पीपीएमच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवणं सर्वांत उत्तम.

टिश्यू कल्चरच्या रोपांना विषाणू नसतो, हे खरं?

अर्धं खरं. बियांतून ऑर्किडचे मुख्य विषाणू सहसा जात नाहीत. मेरिस्टेम अगदी बारीक, मिलिमीटरच्या काही दशांशाएवढा घेतला तर झाड निरोगी निघण्याची शक्यता चांगली असते. मोठा तुकडा घेतला आणि आईझाड रोगी असलं तर हजारो रोगी रोपं तयार होतात. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभर आहेत आणि ते मुख्यतः कात्रीने पसरतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी २००६पासून प्रमाणीकरण व्यवस्था आहे. मोठी खरेदी करताना लॅब तिच्यात आहे का ते विचारा. आईझाड तपासल्याचा कागद मागा. तो मागितल्यावर विक्रेत्याचा चेहरा पाहिलात तरी बरंच कळतं.

मेरिस्टेमची रोपं आणली, तरी काही फुलं वेगळी आली. फसवणूक आहे का?

तशी असेलच असं नाही. तेच गोळे वर्षानुवर्षं कापत राहिलं की पेशींत बदल साचतात. चांगली लॅब काही फेऱ्यांनंतर जुना साठा टाकून आईझाडाकडे परत जाते. थोडी टक्केवारी सोडून द्या. चौथा हिस्सा वेगळा निघाला तर मात्र भांडा.

रानातली सीतेची वेणी (आमच्याकडचं एक ऑर्किड) आणून वाढवली तर? ती तर आमचीच आहे.

झाड आणू नका. राखीव वनातून परवानगीशिवाय काढणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी उपटून आणलेली बरीचशी झाडं वर्षभरात मरतात. तुमच्या आवाराच्या फणसावर सीतेची वेणी असेल तर मे-जूनमध्ये फुलल्यावर दोन वेगळ्या झाडांमध्ये हाताने परागण करा, एकच शेंग ठेवा, आणि ती लॅबमध्ये पेरायला द्या. त्या एका शेंगेतून अख्ख्या गावाच्या झाडांना पुरेल एवढी रोपं होतात. हिवाळा सरताना पानं गळालेल्या काड्यांवर पांढरं फुलणारं डेंड्रोबियम बार्बॅट्युलम, मृगाच्या आसपासचं एरिडिस, ही सगळी अशीच वाढवता येतात. टिश्यू कल्चरचा कोकणाला खरा उपयोग मला यात दिसतो. सोनियाची बाटली कुठूनही येईल, ही दुसरीकडून येणार नाही. विक्रीसाठी करायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीशी आणि वनखात्याशी बोलून घ्या.

तयार रोपं झाडावर लावताना मुळं काथ्याने सालीला बांधा, नायलॉनने नको. पावसाच्या सुरुवातीला, खरखरीत सालीच्या आंब्या-फणसावर, पूर्वेकडच्या बाजूला. पहिल्या उन्हाळ्यात मधूनमधून पाणी द्यावं लागतं.

थायलंडहून बाटल्या मागवता येतात?

येतात. जवळजवळ सगळं ऑर्किड कुळ साइट्स कराराच्या (धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्टांत आहे, मात्र दुसऱ्या परिशिष्टातल्या जातींच्या निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना त्यातून सूट आहे. आपल्या क्वारंटाइनची सूट मात्र नाही. आयातीचा परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतंच. बॅगेत लपवून आणायच्या भानगडीत पडू नका.

धंदा म्हणून परवडतं का?

लॅब काढून सुरुवात केलीत तर बहुतेकांना नाही. बाटलीतलं रोप स्वस्त आहे आणि ते बनवणाऱ्या मोठ्या लॅब आधीच आहेत, त्यांच्या दराशी तुमची एक खोली स्पर्धा करू शकत नाही. पैसा हार्डनिंगमध्ये आहे. बाटलीतलं नाजूक रोप घेऊन सहा-आठ महिन्यांत कुंडीतलं तगडं रोप केलं की किंमत कितीतरी पटींनी वाढते. आणि आमची दमट हवा त्याला अनुकूल आहे, घाटावर त्यासाठी फॉगर चालवावे लागतात. आधी दोन हंगाम विकतच्या बाटल्या वाढवून बघा. दहातली आठ रोपं जगवता आली की मग लॅबचा विचार करा.

कट फ्लॉवरमध्ये थायलंडच्या फुलांशी गाठ आहे. तिकडचं फूल मुंबईच्या बाजारात बारा महिने येतं. गोव्यातली हॉटेलं, लग्नाचे हॉल, रत्नागिरी-कुडाळमधले डेकोरेशनवाले, यांना ताजं फूल जवळून मिळालं तर ते घेतात. पण गौरी-गणपतीला आणि लग्नसराईत पाहिजे तेवढं देता आलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी फोन येत नाही.

शिकायला कुठे जायचं?

दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ जवळचं. प्रशिक्षणाच्या तारखा तिथे विचारा. ऑर्किडसाठी खास राष्ट्रीय संशोधन केंद्र सिक्कीममधल्या पाक्योंगला आहे, पण तिथली हवा आणि पिकं निराळी, हे ध्यानात ठेवून वाचा-शिका. अनुदानाच्या योजना बदलत राहतात. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे चौकशी करूनच कर्जाचा कागद करा, उलट्या क्रमाने नको.

बाटल्या कुरिअरने येतात का? फुटत नाहीत?

काचेच्या क्वचित फुटतात. खरा त्रास मीडिया उलटापालटा होऊन रोपांवर बसण्याचा. आल्या आल्या बाटल्या सरळ उभ्या करून एक दिवस ठेवा. अगर मोडून रोपं त्यात गाडली गेली असली तर थांबू नका, दोन दिवसांत बाहेर काढून लावा, एरवी ती आतच कुजतात. मोडला नसेल तर बाटली सावलीत महिनाभरही सुखाने राहते. मे महिन्यात मागवू नका. पार्सल एखाद्या बंद टेम्पोत दुपारभर उभं राहिलं तर बाटलीतली रोपं उकडून निघतात आणि त्याची भरपाई कुणीच देत नाही.